एक यंत्र, तीन प्रयोगशाळा

माझ्या सहीनं गेलेला पहिला मोठा अहवाल चुकीचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःचंच कौतुक करत बसलेय असं कोणाला वाटायला नको. कौतुक करणार आहे, पण ते बहुतेक दुसऱ्यांचं.

मी पुण्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते. शिकलेही तिथेच. आधी बी. फार्म., मग एम. फार्म., आणि मग तिथेच नोकरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूल रूमच्या खिडकीवर होते. कामगारांना पाने, ड्रिल, मोजपट्ट्या द्यायच्या आणि संध्याकाळी परत मोजून घ्यायच्या, हे त्यांचं काम. आई शाळेच्या पुढे गेली नाही, आणि ते ती कोणालाही न लाजता सांगते. माझा बी. फार्म.चा निकाल लागला तेव्हा आमच्या क्वार्टर्समधल्या विहारात तो माइकवरून जाहीर झाला. जाहीर करणाऱ्या काकांनी उत्साहात अडीच टक्के जास्त सांगितले. मी दुरुस्त करायला उठले, तर आईनं हात धरून खाली बसवलं. "बस गं. टाळ्या होऊ दे."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे मूल्यमापन आलं. तोपर्यंत ते बघणारे सर खराडीच्या एका कंपनीत गेले होते. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायच्या, एसीत बसायचं, शनिवार-रविवार सुट्टी. त्यांना कोणी दोष दिला नाही, फक्त त्यांच्या खुर्चीकडे सगळे जरा हळवे होऊन बघायचे. मग प्राचार्या मॅडमनी मला बोलावलं. मी विद्यार्थिनी असल्यापासून त्या मला अरे-तुरे करतात.

"अगं, तू आकड्यांत बरी आहेस," त्या म्हणाल्या. "आणि तुला नाही म्हणायची सवय नाही."

"मॅडम, माझं प्रोबेशन चालू आहे अजून."

"म्हणूनच म्हटलं."

मूल्यमापन म्हणजे कॉलेजनं स्वतःला मोजून लिहून द्यायचं. किती विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, ग्रंथालयात किती पुस्तकं, त्यातली किती कोणी उघडली, गेल्या काही वर्षांत पास झालेली मुलं आता कुठे आहेत, कोणत्या प्रयोगशाळेत कोणतं यंत्र, ते चालतं का. मग बाहेरची समिती दोन दिवस येऊन ताडून बघणार आणि मानांकन द्यायचं की नाही ते ठरवणार. आमच्या बाबतीत त्यावर एक गोष्ट उघड उघड अवलंबून होती. मानांकन मिळालं तर एम. फार्म.चा वर्ग राहणार. नाही मिळालं तर संस्था तो वर्ग बंद करणार, असं बैठकीत स्पष्ट सांगून झालं होतं.

तो वर्ग नसता तर मी आज कुठे असते ते मला नीट माहीत आहे. लांबच्या कॉलेजात होस्टेलवर पाठवायला घरचे तयार नव्हते आणि मलाही धीर नव्हता. खडकीहून बसनं जाता येईल असा एवढाच वर्ग होता. माझ्या बरोबरच्या पाच मुलींचंही तसंच. म्हणून मी ते काम ओझं म्हणून घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा आली. ज्या ग्रंथालयात मी पुस्तकासाठी नंबर लावून उभी राहायचे, त्याची पुस्तकं मोजायला आता मला कपाटाच्या चाव्या मिळाल्या होत्या. जुन्या मुलांना फोन केले. एकानं लातूरकडे मेडिकल टाकलं होतं, एक औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात होती, एक पोलीस झाला होता. तो म्हणाला, "मॅडम, माझं कोणत्या रकान्यात टाकणार?" मी म्हटलं, "इतर." तो म्हणाला, "इतर नका ना टाकू." त्याच्यासाठी मी अर्धा तास नियमावली वाचली आणि शेवटी 'इतर'च टाकलं.

यंत्रांच्या बाबतीत मी प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून यादी मागवली, त्यांच्या बेरजा केल्या आणि कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे वस्तूंच्या कायमच्या नोंदवहीशी, ताडून पाहिल्या. जुळल्या. आकडे जुळले की आम्ही मास्तर लोक फार खूश होतो. अहवाल सहीनं गेला.

समिती यायला पंधरा दिवस होते तेव्हा मी यादी हातात घेऊन प्रत्येक प्रयोगशाळेत फिरायला निघाले. कुठलं यंत्र कुठे ठेवलंय ते पाठ असावं, एवढाच हेतू. बुधवार होता. दोन नंबरच्या प्रयोगशाळेत गोळ्या विरघळवून बघायचं यंत्र चालू होतं. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात किती विरघळेल, ते या यंत्रानं बाहेर कळतं. आमच्या शाखेत त्याच्याशिवाय पान हलत नाही. यादीप्रमाणे आमच्याकडे अशी तीन होती. चार नंबरमध्ये गेले तर टेबल रिकामं. टेबलावर रबरी पायांचे चार गोल डाग तेवढे होते.

तिथे आमचे लॅबचे काका नळीची काच पुसत होते. काका हवेलीकडच्या गावातले, कॉलेज सुरू झाल्यापासूनचे. मी विद्यार्थिनी असताना मला "ए पोरी" म्हणायचे. नोकरीला लागले त्या सकाळी त्यांनी मला "मॅडम" म्हटलं, आणि मीच गोंधळून मागे वळून पाहिलं होतं.

"काका, इथलं यंत्र कुठंय?"

"आज बुधवार ना. बुधवारी ते दोनमधी असतंय."

"दोनमधलं मी पाहिलं. मी इथलं विचारतेय."

"तेच की."

"म्हणजे?"

"म्हंजी दोनचं आन् चारचं एकच हाय."

मी यादीकडे पाहिलं. "आणि सातचं?"

"सातचं शुक्रवारी," काका म्हणाले आणि नळीत फुंकर मारली.

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी तीनपैकी दोन यंत्रं एकामागोमाग बंद पडली. सुटे भाग मिळेनात. ती तळघरातल्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली. रजिस्टरमधून कमी करायचं तर अर्ज, समिती, सह्या, म्हणून कोणी केलं नाही. उरलेलं एक काकांनी ट्रॉलीवर चढवलं. सोमवारी-मंगळवारी चार नंबर, बुधवारी-गुरुवारी दोन, शुक्रवारी-शनिवारी सात. प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक बदललं की काका आपली ट्रॉली बदलत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी हातानं आखलेला तक्ता होता. यंत्राचा एक पट्टा तर शिलाई मशीनचा होता. अकरा वर्षांत एकाही तुकडीचं प्रात्यक्षिक चुकलं नव्हतं. मी स्वतः तिन्ही प्रयोगशाळांत त्या यंत्रावर काम केलं होतं आणि दर वेळी मला ते त्या खोलीचंच वाटलं होतं. प्रमुखांचंही तेच झालं. प्रत्येकानं आपापल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी यादी केली, समोर चालू यंत्र दिसलं, लिहिलं: एक. मी तीन एक मिळवले. रजिस्टरातही तीन. जुळलं!

"काका, तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

"इचारलं कुणी?" ते म्हणाले. टोमणा नव्हता. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या मॅडमच्या खोलीत मी, मॅडम आणि आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक असे तिघं बसलो. सरांना यात विशेष काही वाटलं नाही.

"शेजारच्या कॉलेजातून दोन दिवस दोन यंत्रं उसनी आणू," ते म्हणाले. "मागच्या वर्षी त्यांच्या तपासणीला आपलं सूक्ष्मदर्शक गेलं होतं. अहो, सगळेच करतात. समितीतल्या लोकांच्या कॉलेजातही करत असतील."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

इथे मी बाणेदारपणे काहीतरी बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले, "टेम्पो सांगायला लागेल."

आणि सांगितलाही. वर्ग वाचायला हवा, माझी नोकरी पक्की व्हायला हवी, आणि चूक कोणाला कळायला नको. तिन्ही गोष्टी एका टेम्पोत बसत होत्या. फक्त एक अडचण होती. एका यंत्राचं असं झालं, तर बाकीच्यांचं काय? काय काय उसनं आणायचं हे कळायला आधी आपल्याकडे काय काय नाही ते कळायला हवं होतं.

घरी वडिलांना विचारलं. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती.

"पप्पा, तुमच्याकडे पाने मोजताना एकच पाना दोनदा मोजला जायचा नाही का?"

"कसा जाईल? मोजला की खडूची खूण. खूण नाही तर मोजलेला नाही. खूण दिसली तर पुढे जा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे एवढे शिकलेले लोक आहेत, खडू नाही का?"

"आहे ना. फळ्यावर."

"मग तिथून घे एक."

रविवारी ते स्वतःच आले. माझ्या कॉलेजात ते त्याआधी एकदाच आले होते, पदवीदानाला, आणि तेव्हा मांडवातूनच परत गेले होते. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

"अहो, चपला राहू द्या," काका म्हणाले. "हितं काचा असत्यात."

"काचा असतात आणि तुम्ही अनवाणी?"

"मला ठावं हायेत कुठं हायेत त्या."

तिघांनी मिळून तिन्ही मजले मोजले. वडील प्रत्येक यंत्राच्या मागच्या बाजूला खडूची बारीक रेघ ओढायचे, काका नाव सांगायचे, मी लिहायचे. मी घाईनं एक ओळ गाळली की वडील थांबायचे. काका त्यांना हळूच म्हणाले, "तुमची लेक लई कडक शिकवती. पोरं घाबरत्यात." वडील म्हणाले, "घरात आम्हीही घाबरतो." मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुपारी आईनं दिलेला डबा तिघांनी चार नंबरच्या बाहेर बसून खाल्ला. कागदावर अठ्ठेचाळीस मोठी यंत्रं होती, जमिनीवर एक्केचाळीस निघाली. सगळीकडे तीच गोष्ट: बंद पडलेलं रजिस्टरात जिवंत, आणि चालू असलेलं दोन खोल्यांत फिरतं.

परत जाताना बसमध्ये वडिलांनी विचारलं, "आता कागद दुरुस्त करणार ना?"

"बघू," मी म्हणाले.

ते खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी मी, सुरुवात गोळ्यांच्या यंत्रापासून म्हणून, काकांकडे दोन कोऱ्या वह्या घेऊन गेले. प्रत्येक यंत्राची एक वापराची वही असते. कधी चालवलं, कोणत्या तुकडीनं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, सही. समिती ती वही बघतेच. उसनी यंत्रं आमची म्हणून दाखवायची तर त्यांच्याही वह्या लागणार, मागच्या तारखांच्या. मी काकांना सांगितलं, "जुन्या वहीत बघून थोड्या थोड्या नोंदी या दोन्हींत करून टाका. अक्षर तुमचंच हवं."

काकांनी आयुष्यात मला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी वह्या हातात घेतल्या, पहिलं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"मॅडम, मशीन कुठलंबी आणा, मी चालवून दावतो. पर ह्येच्यात मला नका लिवायला लावू."

"काका, वर्ग बंद होईल."

"व्हय, ते कळतंय मला." त्यांनी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून यंत्राच्या खऱ्या वह्या काढल्या. सात होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. "अकरा वर्षं रोज लिवलंय. आजारी होतो तवा रजेचंबी लिवलंय, यंत्र बंद म्हणून. ह्या दोनमधी खोटं लिवलं, तर मग ह्या सातांवर बी कोण इश्वास ठेवंल?"

मी वह्या घेऊन खोलीत आले आणि चाळत बसले. चौथ्या वहीत माझी सही होती. दुसऱ्या वर्षाची, गिरवून गिरवून केलेली, तेव्हा नुकतीच ठरवलेली. सुरू दहा वाजून पाच, बंद अकरा वाजून पाच. शेऱ्यात काकांनी लिहिलं होतं: 'मुलीने भांडे नीट धुतले.' पूर्ण कॉलेजभर माझ्याबद्दल जे काही कुठे नोंदलं गेलं असेल, त्यात हे सगळ्यात खरं. मी सरळ प्राचार्या मॅडमकडे गेले.

"टेम्पो रद्द केला," मी म्हणाले. "दुरुस्तीचं पत्र पाठवायचंय. अठ्ठेचाळीस नाहीत, एक्केचाळीस."

मॅडमनी चष्मा काढला. "अहवालावर समन्वयक म्हणून सही तुझी आहे."

"हो."

"प्रोबेशनही तुझंच आहे."

"हो, मॅडम."

"वर्ग गेला तर सगळे तुझं नाव घेतील. माझंही, पण मी दोन वर्षांत निवृत्त होतेय. तुला इथेच राहायचंय."

मी खऱ्या आकड्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवली. मॅडमनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "पत्र एका पानाचं लिही. रडगाणं लावू नकोस. चूक कशी झाली, खरा आकडा काय, एवढंच. आणि खाली माझ्या सहीला जागा ठेव. तुझ्या वर."

त्यांची सही माझ्या वर म्हणजे काय, ते नोकरी करणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. पत्रावर आधी त्यांना जाब विचारला जाणार होता. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "जा आता. आणि त्या सरांना मीच सांगते. तू त्यांच्यासमोर दोन दिवस येऊ नकोस."

समितीत तिघं होते. अध्यक्ष वयस्कर, बोलायला अगदी कमी. दुरुस्तीचं पत्र त्यांच्या फायलीत सगळ्यात वर होतं. त्यांनी त्यावर पहिल्या दिवशी एक अक्षर काढलं नाही. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ते एक यंत्र दाखवा."

शुक्रवार होता, म्हणून सात नंबर. तिसऱ्या वर्षाची तुकडी काम करत होती. त्यांनी एका मुलीला विचारलं, "एका यंत्रावर किती जण काम करता?"

मुलगी म्हणाली, "सर, चार-चार जणांचा गट. आमची पाळी येईपर्यंत आम्ही द्रावण तयार करतो."

"अडचण होते?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "होते सर. उभं राहावं लागतं. पण राहून जात नाही कोणाचंच."

अध्यक्षांनी काकांना विचारलं, "हे कोण हलवतं?"

"म्या, साहेब."

"पट्टा कसला आहे हा?"

"शिलाई मशीनचा. पर फेरे बरोबर पडत्यात. मोजून बघा."

त्यांनी खरंच मोजले. घड्याळ लावून, मिनिटभर, ओठ हलवत. मग सातही वह्या मागितल्या, आणि एका स्टुलावर बसून अर्धा तास वाचत राहिले. कपाटाच्या दारामागचा तक्ताही पाहिला. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "हे पत्र तुम्ही का पाठवलंत? आम्ही कदाचित मोजलं नसतं."

मी म्हणाले, "सर, मी मोजलं होतं ना."

निकाल यायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात ज्येष्ठ सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. पुढे तेही निवळलं, आणि आज मी त्यांच्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही. त्यांनाही वर्गच वाचवायचा होता. ईमेल आली तेव्हा मॅडमनी ती आधी स्वतः वाचली आणि मग शिपायाकरवी मला बोलावलं. पूर्ण मुदतीचं मानांकन मिळालं नव्हतं. यंत्रसामग्रीत गुण कापले होते, चांगलेच. पण तीन वर्षांचं मिळालं होतं, आणि अट होती की बंद यंत्रं रजिस्टरातून काढावीत आणि वर्षभरात दोन नवी घ्यावीत. शेवटी एक वाक्य वापराच्या नोंदींबद्दल होतं.

ते वाक्य मी काकांना मराठीत करून सांगितलं: यंत्रांच्या नोंदी तांत्रिक कर्मचाऱ्यांनी अत्यंत विश्वासार्हपणे ठेवल्या आहेत.

"नाव न्हाई टाकलं?" काकांनी विचारलं.

"नाव टाकत नाहीत काका. पद लिहितात."

"कोन्तं पद म्हनला?"

"तांत्रिक कर्मचारी."

त्यांनी जरा विचार केला. "आमच्यात दुसरं हाय कोण तसं?"

"कोणी नाही."

"मग झालं की," म्हणाले, आणि ट्रॉली ढकलत दोन नंबरकडे गेले. बुधवार होता.

त्या संध्याकाळी कॉलेजातूनच वडिलांना फोनवर सांगितलं. गुण कापले हे त्यांना आधी सांगितलं, मग तीन वर्षांचं. ते म्हणाले, "कापले ते बरोबरच कापले. सात कमीच होती." मग फोन आईकडे देताना त्यांचा आवाज जरा लांबून आला, "अगं, झालं हिचं." नक्की काय झालं ते आईला अजूनही नीट माहीत नाही, पण शेजारी तिनं पेढे दिले.

यंदा एम. फार्म.च्या प्रवेशाच्या टेबलावर मीच होते. नोकरी पक्की झालीये आता. देहूरोडहून एक मुलगी आईला घेऊन आली होती. मुलगी गप्प, आई सगळं विचारणारी. फॉर्म घ्यायच्या आधी तिनं खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, खरं सांगा. हा वर्ग बंद होणार असं ऐकलं होतं आम्ही. हिचं अर्ध्यात अडकलं तर आम्ही कुठे जायचं? आमच्यात हीच पहिली आहे एवढी शिकलेली."

"वर्ग दोन वर्षांचा आहे," मी म्हणाले. "मानांकन तीन वर्षांचं होतं. त्यातलं एक संपलं, दोन उरलीत. हिचं पूर्ण होईल. त्यापुढचं आम्हाला पुन्हा मिळवायचंय, त्याची हमी मी आज देत नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान हलवली.

"बसा," मी म्हणाले. "फॉर्म देते."